दाराची जागा

गेल्या एप्रिलात एका दुपारी गेटपास टाइप करता करता माझ्या छातीत काहीतरी पेटलं आणि भराभर वर चढत गेलं. गळा, कान, कपाळ. पंखा डोक्यावर गरगरत होता, तरी ब्लाउज पाठीला चिकटला. मी कॉम्प्युटर तसाच टाकून केबिनबाहेर आले आणि निवडणीच्या शेडमध्ये खुळ्यासारखी उभी राहिले. समोर वीस-बावीस बायका बटाटे निवडत बसल्या होत्या. कुणी मानसुद्धा वर केली नाही. फक्त नंदानं, त्यांच्या मुकादमीणबाईनं, हात लांब करून एका उपड्या क्रेटवरचं गोणपाट झटकलं.

"बसा ताई," ती म्हणाली. "कवाधरनं वाट बघतोय आमी."

तो क्रेट तीन नंबरच्या चेंबरच्या दाराला लागून असतो. आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला 'दाराची जागा' म्हणतात. इतकी वर्षं मी ती जागा केबिनच्या काचेतून बघत आले होते, तिच्यावर कधी टेकले नव्हते. त्या दिवशी टेकले. तेवढ्यात आत जायला कुणीतरी चेंबरचं दार ओढलं, गारव्याचा लोट पायांवरून गेला, आणि मला हौसामावशी आठवली. आठवली म्हणणंही बरोबर नाही. ती शेजारी येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं आणि मी खरोखरच जरा सरकून बसले.

आमचं कोल्ड स्टोरेज पेठच्या पुढं, हायवेपासून थोडं आत आहे. पठारावरचे शेतकरी बियाण्याचा बटाटा आमच्याकडं ठेवतात. उन्हाळाभर तो अंधारात, थंडीत पडून राहतो. माल आत जाताना एकदा आणि लागवडीच्या आधी पोती बाहेर आली की पुन्हा, बायका बसून निवड करतात. सडका बाजूला, कापलेला बाजूला, चांगला पोत्यात. चेंबरची दारं गादीएवढी जाड. उन्हाळ्यात ती उघडली की आतलं धुकं जमिनीवरून लोळत बाहेर येतं आणि शेडमधल्या उन्हात विरून जातं. मी नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी असंच दार उघडलं आणि त्या धुक्यातून एक बाई बाहेर आली. डोक्यावर गोणपाटाची खोळ, अंगात कुणातरी पुरुषाचा जाडजूड कोट, खाली नऊवारी, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला. तिनं माझ्यासमोर येऊन मूठ उघडली. मुठीत एक बटाटा होता.

"बघ," ती कुजबुजली, "कसं गाढ झोपलंय."

बाई जरा सटकलेली आहे, असं मला वाटलं. अजूनही वाटतं, पण आता कौतुकानं.

हौसामावशीचं माहेर मढ, तिकडं माळशेजच्या वाटेवर. सासर महाळुंगे पडवळ. नवरा लवकर गेला, मुलगा चाकणला कंपनीत, आणि बुद्धाच्या फोटोखाली ठेवलेल्या टेबल फॅनशिवाय घरात दुसरं काही मिरवण्यासारखं नाही, असं तीच सांगायची. चेंबरमध्ये जाणाऱ्यानं माझ्याकडच्या वहीत सही करायची, असा नियम होता. इतर बायका अंगठ्यासाठी शाईचं पॅड मागायच्या. मावशी मात्र पेन घेऊन, जीभ दातांत धरून, 'हौसाबाई' हे एकेक अक्षर कोरायची. मागं पाचजणी खोळंबल्या तरी घाई नाही. "बापानं मढच्या शाळंत घातलं ते काय अंगठा द्यायला?" असं वर विचारायची. मला नावानं तिनं कधीच हाक मारली नाही. मी तिच्या लेखी 'लिवणारी'. "अगं लिवणारे, पेन दे."

चेंबरमध्ये मोठ्यानं बोललेलं तिला चालत नसे. "बियाणं झोपलंय, वरडू नगा." हमालांनाही ती हेच सांगायची आणि ते ऐकायचे. एकदा मॅनेजरसाहेब आत असताना त्यांचा फोन खणखणला. मावशीनं त्यांच्याकडं असं बघितलं की साहेब फोन छातीशी दाबून धावतच बाहेर आले आणि बाहेर आल्यावरसुद्धा 'हॅलो' हळूच म्हणाले. त्या थंड अंधारात, बटाट्याच्या पोत्यांच्या थप्प्यांमधून ती चालायची ते देवळात प्रदक्षिणा घातल्यासारखी. पोत्यावरून नुसता तळवा फिरवायची, नाक जवळ न्यायची आणि म्हणायची, "ह्यात एक हाय." पोतं सोडलं की खरंच त्यात एक सडका निघायचा. पन्नास किलोत एक. तिचं नाक कधी चुकलं नाही, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

दार उघडून धुकं बाहेर आलं की ती दर वेळी तेच म्हणायची. "ह्ये बघ, माजं म्हायेर आलं." श्रावणात मढला धुकं घरात शिरतं, चुलीपाशी बसतं, गोठ्यातली म्हैस दिसत नाही, नुसती तिच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. लहानपणी ती आणि तिची धाकटी बहीण त्या धुक्यात एकमेकींना हाका मारत हिंडायच्या. ते ऐकताना शेडमधल्या बायकांचे हात संथ व्हायचे. मे महिना, बेचाळीसचं ऊन, पत्रा तडतडतोय, आणि सगळ्याजणी मढच्या धुक्यात.

आता त्या क्रेटचं. मुमताजभाभी मंचरहून यायच्या. नवरा कापूस पिंजून गाद्या भरायचा. एका दुपारी भाभींनी हातातला बटाटा फेकला, ओढणी ओढून काढली आणि धावत जाऊन चेंबरच्या दाराला पाठ चिकटवून उभ्या राहिल्या. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी झालं. मावशी उठली. एक क्रेट उपडा घातला, त्यावर गोणपाट टाकलं, भाभींना बसवलं आणि दार वीतभर उघडलं.

"अंग बोलतंय तुजं," ती म्हणाली. "बोलू दे. ऐकून घे."

कॉम्प्रेसरचा आवाज बदलला तसे मॅनेजरसाहेब पळत आले. "दार कुणी उघडं टाकलं? टेंपरेचर चढतंय!"

"सायेब, तुमच्या मशिनीला गरम झालं की तुमी तिच्यावर पानी मारता. हिला बी गरम झालंय. पाच मिन्टं थांबा."

"झालंय काय तिला?"

"पाळी जायाला लागलीय. तुमच्या घरात बी व्हईल, तवा आमची आठवण काढा."

साहेबांनी छताकडं बघितलं. बराच वेळ, जणू तिथं गळती शोधत होते. मग निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून दार असं उघडं टाकायचं नाही, हा हुकूम आला, पण क्रेट उचला असं काही कुणी म्हणालं नाही. दार कामासाठी दिवसातून पंधरा-वीसदा उघडायचंच, आणि पहिला गारवा त्या क्रेटवर बसलेलीला मिळायचा. ज्या बाईची गरमी चालू, तिची ती जागा. तिचं ओसरलं की पुढचीची. मागायची लाज नाही, आणि कुणी मागितली तर का म्हणून विचारायचं नाही. मावशीनं हा कायदा केला, आणि स्वतः त्या जागेवर कधी बसली नाही. तिच्या दिवसांत ती थेट चेंबरच्या आतच जाऊन उभी राहायची.

पुढं महिन्याभरानं साहेब माझ्या केबिनमध्ये आले. पेपरवेट गोल फिरवत म्हणाले, "त्या मावशींना विचारा हो, झोप लागत नसेल, चिडचिड होत असेल तर काय करायचं. एका ओळखीच्या बाईंसाठी पाहिजे." मी विचारलं. मावशी खुदकन हसली. "त्यास्नी सांग, वळखीच्या बाईशी आदी बोला. तिचं ऐका. मग माज्याकडं या."

जेवणाच्या सुट्टीचा तिचा आणखी एक कायदा होता. डबा उघडायचा तर तोंड पण उघडायचं. प्रत्येकीनं कालपासून अंगानं काय केलं ते एक सांगायचं, मगच घास. मी माझा डबा केबिनमध्ये खायचे, पण काच सरकवलेली असायची. एकीनं कालवणात दोनदा मीठ घातलं आणि नवऱ्यानं ताट सरकवल्यावर तीच ढसाढसा रडली. एकीचे गुडघे भल्या पहाटे बोलत. मुमताजभाभींना टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीतलं बाळ बघून हुंदका आला होता. कुणाला नवऱ्याचा हात नको वाटत होता, कुणाला फार हवा वाटत होता, आणि दोघींना सारखीच लाज. सगळ्यावर हसू फुटायचं, पण ते हसणं टोचणारं नसे. मग हळूहळू स्वप्नं निघायची. त्या वयात स्वप्नं फार पडतात, हे मला आता कळतंय. भाभी स्वप्नात घोडनदीच्या पाण्यावरून चपला हातात घेऊन चालत जायच्या. नंदाला पांढऱ्या चादरीच दिसायच्या, वाळत घातलेल्या, मैलोगणती. मावशीचं स्वप्न ठरलेलं. मढचं धुकं, आणि पुढं तिची आई कंदील घेऊन चाललेली. बांगड्यांचा आवाज येतो, हाक मारली तरी आई वळत नाही. "लई ग्वाड सपान हाय," ती म्हणायची आणि भाकरी मोडायची. त्या अर्ध्या तासात शेडमध्ये असं काही पसरायचं की माझाही घास हातातच राहायचा.

नंदा तेव्हा टोळीत सगळ्यांत लहान, त्रेचाळीसची. तिला पाळी आली की पंधरा-पंधरा दिवस थांबायची नाही. गावातल्या एका ओळखीच्यानं तिला खाजगी डॉक्टरकडं नेलं, त्यानं सांगितलं पिशवी काढून टाकू, तारीखही दिली. नंदानं ते डबा उघडताना सांगितलं, अगदी सहज, दाढ काढायची आहे असं सांगावं तसं. मावशीच्या हातातली भाकरी खाली आली. तिच्या त्या धाकट्या बहिणीची, धुक्यात हाका मारणाऱ्या बहिणीची, तिशीतच पिशवी काढली होती. "तवापासनं ती भिंत धरल्याबिगर उठत न्हाई. माज्याहून सात वर्सांनी लहान हाय, आन् माजी आय दिसती." तारखेच्या दिवशी मावशीनं नंदाला एसटीत बसवलं आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तीन खेपा झाल्या. सोनोग्राफी, रक्त, पुन्हा तपासणी. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ बारीक आहे, चाळिशीनंतर असं होतं, गोळ्यांनी आटोक्यात येईल, आत्ता कापाकापी नको. त्या आनंदात दोघींनी मंचरच्या स्टँडवर ओली भेळ खाल्ली आणि शेवटची गाडी चुकवली.

गोळ्यांनी नंदा खरोखर बरी झाली. मावशीचा शब्द मात्र त्यानंतर कडक झाला. "पिशवीला हात लावू द्यायचा न्हाई." नव्या येणाऱ्या प्रत्येकीला ती हे बजावायची. डॉक्टरीणबाई आणखीही काही म्हणाल्या होत्या, हे नंदानं मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "मावशी, प्रत्येकीचं वेगळं असतं. कधी काढावीही लागते. आधी तपासायचं, हे लक्षात ठेवा." ते दवाखान्यातच राहिलं. मावशीनं अर्धंच घरी आणलं, आणि तिच्याकडून आम्ही सगळ्यांनी तेवढंच घेतलं.

मग तो लागवडीच्या आधीचा दिवस. बाहेर काढलेल्या बियाण्याला कोंब फुटले होते. जांभळट, बोटभर. मावशीनं डबा उघडला आणि मान खाली घालून हसली.

"माजं परत आलं."

"काय परत आलं?"

"त्येच. सहा वर्सांनी."

क्षणभर कुणालाच कळेना. मग शेडमध्ये अशी ओरड झाली की हमाल आत डोकावले. भाभी म्हणाल्या, "या अल्ला, मावशी पुन्हा जवान झाली!" मावशीनं एक कोंब फुटलेला बटाटा उचलला आणि सगळ्यांना दाखवला. "ह्ये बघा. थंडीत पडल्यालं बियाणं भायेर काढलं की डोळं फुटत्यात का न्हाई? इतकी वर्सं आत-भायेर करत राबले. माजं बी अंग झोपलं व्हतं, आता जागं झालं."

ते आम्हा सगळ्यांना पटलं. पटणारच. आमचं सगळं कोल्ड स्टोरेज त्याच गोष्टीवर चालतं. झोपलेलं जागं होतं, हे आम्ही दर वर्षी डोळ्यांनी बघतो.

"मावशीची वटी भरा गं!" नंदा उठली.

"आमच्यात न्हाई भरत वटी," मावशी म्हणाली.

"हमारे में भी नहीं," भाभी म्हणाल्या, "पन बटाट्याची चालती."

मावशीला उभं केलं. तिनं पदर पसरला. नंदानं पाच बटाटे निवडून, कोंब न मोडता, तिच्या पदरात घातले. कुंकू कुणाकडं नव्हतं, म्हणून बटाट्याची माती कपाळाला लावली. फोटो काढायला मला केबिनमधून हाक मारली. मी फोन समोर धरला. स्क्रीनवर मावशी लाजून खाली बघत होती आणि सगळ्याजणी तिच्याभोवती दाटल्या होत्या. आणि त्याच वेळी मला एक ओळ आठवली. आईला दवाखान्यात नेलं होतं तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यावर वाचलेली. मला समोर दिसेल ते वाचायची सवय आहे. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त गेलं तर ताबडतोब दाखवा, अशी ती ओळ होती.

मी फोटो काढला. छान आलाय म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

का बोलले नाही, ते मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. सगळ्या हसत होत्या, तो आनंद मोडवेना, हे एक. दुसरं म्हणजे माझं लग्न झालेलं नाही. पाळी, पिशवी, नवरा, असल्या विषयांत माझ्यासारखीनं तोंड घातलं की लोक कसं बघतात ते मला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर मी भित्री आहे. काचेमागं बसून ऐकायला मला आवडतं. काच सरकवून बोलायचं तर जिवावर येतं.

त्यानंतर मावशी डबा उघडून फक्त स्वप्न सांगू लागली. अंगाचं काही नाही. पावसाळा आला-गेला. ती गडद रंगाची लुगडी नेसायला लागली. जेवायला घोळक्यात बसायची ती आता पलीकडं, चिंच ठेवतात त्या चेंबरजवळ जाऊन बसायची. तिथं आंबट वास दरवळत असतो. "मला चिंचंचा वास बरा वाटतो," ती म्हणायची. पन्नास किलोत एक सडका बटाटा ओळखणारं ते नाक. ती स्वतःला त्या वासात का लपवत होती, हे मला तेव्हा उमगलं नाही, आणि आता उमगून काही उपयोग नाही.

एका दुपारी ती म्हणाली, "काल सपनात आय थांबली. वळली न्हाई. पन थांबली."

बायका म्हणाल्या, किती छान. मी काच ओढून घेतली.

दिवाळीच्या आधीची निवड चालू होती. मावशीनं डबा उघडला, तशी नंदा उठून तिच्यासमोर जाऊन बसली आणि तिनं त्या डब्यावर आपला पालथा हात ठेवला.

"मावशे, डबा उगडलास. तोंड न्हाई उगडलंस."

"सपान सांगितलं की."

"सपान नगं. अंगाचं सांग."

मावशी डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "थांबत न्हाई. लई दिस झालं. आन् वास येतो."

"मग बोलली का न्हाईस?"

"कंच्या तोंडानं बोलू? तुमा समद्यास्नी मी सांगितलं, पिशवीला हात लावू द्यायचा न्हाई. आता डाक्टरकडं गेले आन् माजीच काढा म्हनले तर? माजा शबुद ऐकून ज्या घरी बसल्या, त्यास्नी काय सांगू?"

मला वाटलं आता कुणीतरी रडेल. नंदा रडली नाही. तिनं बादलीत हात धुतले, पदराला पुसले आणि मावशीच्या चपला आणून तिच्यासमोर ठेवल्या. "घाल," ती म्हणाली. बायकांचा पिकअप यायला अजून चार तास होते. दोघी चालत हायवेपर्यंत गेल्या आणि हात करून एक जीप थांबवली. त्याच डॉक्टरीणबाई, तोच बाक. मात्र या वेळी मावशीला हाताला धरून नंदा आत घेऊन गेली. नेली नसती तर मावशी गेली नसती, एवढं नक्की.

डॉक्टरीणबाईंनी तपासून त्याच दिवशी पुण्याची चिठ्ठी दिली. पिशवीचा कॅन्सर होता, आणि पिशवीपुरता राहिला नव्हता. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक सुरू झाले. मी एकदा भेटायला गेले तेव्हा मावशी उशीला टेकून बसली होती. "जलमभर गारठ्यात राबले," ती म्हणाली, "आन् आता बघ, शेक देत्यात." मी हसले. मला जे बोलायचं होतं ते याही वेळी बोलता आलं नाही.

त्या दिवाळीनंतरच्या एप्रिलात ती आली. बायकांच्याच पिकअपमधून, दुपारच्या खास फेरीनं, नंदाच्या खांद्याला धरून. अर्धीच उरली होती. डोक्यावरचा पदर गालांवर घट्ट ओढून घेतलेला. ती उतरली तेव्हा शेडमधल्या सगळ्याजणी उभ्या राहिल्या, आणि कुणी न सांगता दाराच्या जागेवर बसलेली बाई बाजूला झाली. मावशी तिथं बसली. पहिल्यांदाच. दार उघडलं, धुकं तिच्या पायांवरून गेलं, तिनं डोळे मिटले. आम्ही सगळ्या तिचा चेहरा बघत होतो. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. तिथं दुखणं दिसत नव्हतं. खूप लांबून चालत आलेल्या माणसाला ओटा दिसावा, तसं काहीतरी होतं.

तिनं डबा आणला होता. मऊ भात. तो उघडून ती म्हणाली, "आता ऐका. तुमी माज्या पदरात घातलेलं ते पाच बटाटं मी परसात लावलं व्हतं. पाची उगावलं, चांगलं आलं. बटाट्याचं खरं व्हतं. माजं न्हाई. थांबल्यालं वर्सानं परत आलं, एक ठिपका जरी आला, तरी वटी न्हाई भरायची. चपला घालायच्या. आन् पिशवीचं मी जे बोलले ते अर्धं बोलले. आदी दाखवायचं. मग डाक्टर काढा म्हनली तर काढायची. माजा शबुद मी मागं घेते." मग तिनं घास घेतला. मुमताजभाभी तोंडात ओढणी कोंबून रडत होत्या.

जेवण झाल्यावर ती माझ्या काचेसमोर आली. "अगं लिवणारे, पेन दे. आत जाऊन येते."

आत जाण्याची तिची तब्येत नव्हती. पण नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि मॅनेजरसाहेब मुद्दाम दुसरीकडं बघत उभे होते. ती जीभ दातांत धरून नाव कोरू लागली. मी काच पूर्ण सरकवली.

"मावशी, त्या दिवशी फोटो काढताना मला शंका आली होती. मी वाचलं होतं कुठंतरी. मी बोलले नाही."

तिचं पेन थांबलं. मग उरलेलं अक्षर तिनं पुरं केलं.

"मला बी आलती," ती म्हणाली. "त्याच दिशी. वटी घेता घेता." तिनं पेन माझ्या हातात ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. तिचा हात थंडगार होता. "दोघी बी गप बसलो. आता बोलत जा."

भिंतीवरची खोळ काढून तिनं डोक्यावर घेतली. नंदा तिच्यामागं आत गेली. दार मिटलं. दहा मिनिटं शेडमध्ये कुणी बटाट्याला हात लावला नाही. आत ती काय करत होती ते नंदानं सांगितलं. पोत्यांमधून हळूहळू चालली, एकेकावर तळवा ठेवला, नाक मात्र जवळ नेलं नाही. एका थप्पीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "झोपा."

त्याच श्रावणात ती गेली. मी आता केबिनमध्ये डबा खात नाही. गेल्या एप्रिलातल्या त्या दुपारी, क्रेटवर बसल्या बसल्याच, नंदानं माझा डबा मागवून घेतला आणि नवीन-जुन्या सगळ्याजणी माझ्या तोंडाकडं बघू लागल्या. मी आधी अंगाचं सांगितलं, वाफेचं. मग त्या भिंतीवरच्या ओळीचं सांगितलं, आणि मी ती कशी गिळली त्याचंही. एकीनं माझ्या डब्याच्या झाकणात लोणचं वाढलं.

पण मावशी मला दिसते ती त्या शेवटच्या दिवसाची. दार उघडलं, धुकं लोळत बाहेर आलं आणि त्यातून ती आली. पहिल्या दिवशी आली होती तशीच. भर दुपार होती, बाहेर डोळे मिटावेत असं ऊन. नंदानं तिला तिच्यासाठी थांबलेल्या पिकअपमध्ये पुढं बसवलं. गाडी हलली आणि खिडकीतून तिचा हात बाहेर आला. तिच्या डोक्यावर अजून ती गोणपाटाची खोळ होती, काढायची राहूनच गेली होती, आणि त्या उन्हातही तिच्यावरून गारव्याची बारीक वाफ निघत होती. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. खोळ काढ म्हणून तिला कुणीच सांगितलं नाही.